प्रश्न स्क्रीनवर, नोंद फायलीत

शनिवारची रात्र, पावणेबारा वाजत आलेले. तालुक्याच्या गावातल्या एका संस्थेच्या सर्व्हरवर मी घरूनच बॅकअपची स्क्रिप्ट चालवली होती. एरवी वीस मिनिटांत उरकणारं काम. अर्धा तास उलटला तरी स्क्रीन काळीच, कर्सर तेवढा लुकलुकतोय. डिस्क भरली असेल, नेट गेलं असेल, असे तर्क करत कंट्रोल-सी दाबून स्क्रिप्ट तोडली आणि पुन्हा चालवली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वैतागून दुसऱ्या खिडकीत लॉगची फाइल उघडली. शेवटची ओळ अशी होती:

तीस दिवसांपूर्वीच्या बॅकअप फायली पुसू का? (हो/नाही):

स्क्रिप्ट अडकली नव्हती. प्रश्न विचारून ती माझ्या उत्तराची वाट बघत बसली होती. तो प्रश्न माझ्यापर्यंत न येता फायलीत जाऊन पडला होता, एवढंच. चूक सर्वस्वी माझी. काही पुसण्याआधी विचारलेलं बरं, म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रश्न मीच घातला होता; आणि झाल्या कामाची नोंद राहावी, म्हणून सगळं आउटपुट फायलीत मीच वळवलं होतं. दोन्ही सुधारणा आपापल्या जागी शहाणपणाच्या. एकत्र आल्या आणि एकीनं दुसरीचं तोंड बंद केलं.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनात पक्की बसली. नोंद उद्याच्या वाचकासाठी असते, प्रश्न आत्ता समोर बसलेल्या माणसासाठी असतो. दोघांना एकाच वाटेनं पाठवलं की घोटाळा ठरलेला. ही वाटणी नीट कशी करायची, तेच इथे सांगतो.

एक सूचना आधीच. कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची. व्हेरिएबलची नावंही तशीच इंग्रजीत द्यायची. हायफननंतरचं अक्षर, उदाहरणार्थ '-ए', म्हणजे त्या उच्चाराचं इंग्रजी अक्षर. कमांडमधले आकडेही इंग्रजीच हवेत. देवनागरी '२' शेलला आकडा वाटत नाही, नुसतं एक अक्षर वाटतं. फायलींची नावं आणि अवतरणातला मजकूर मात्र बिनदिक्कत मराठीत ठेवता येतो.

तीन वाटा

कुठलीही कमांड सुरू होते तेव्हा तिला तीन वाटा आयत्या मिळतात. ० क्रमांकाच्या वाटेनं माहिती आत येते, १ वरून नेहमीचं आउटपुट बाहेर जातं आणि २ वरून चुका, इशारे, तक्रारी. टर्मिनलवर १ आणि २ दोन्ही स्क्रीनवरच येतात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे कित्येकांना वर्षानुवर्षं जाणवतही नाही. '>' हे चिन्ह फक्त १ ला फायलीकडे वळवतं, '२>' फक्त २ ला. एकच '>' आधीची फाइल पुसून नवी लिहितं. जुन्याखाली भर घालायची तर '>>'.

ही तिसरी, २ क्रमांकाची वाट युनिक्समध्ये पहिल्यापासून नव्हती. ती का आली याची हकीकत बेल लॅब्समधले स्टीफन जॉन्सन यांनी सांगितली आहे. सत्तरच्या दशकात तिथे छपाईसाठी फोटोटाइपसेटर आला. फोटोचा कागद यंत्रातून काढायचा, रसायनांत धुवायचा, आणि एवढ्या खटाटोपानंतर त्यावर काय उमटलेलं असायचं? 'अमुक फाइल उघडता येत नाही' एवढी एक ओळ. चूक कळवणारा निरोप आणि खरा मजकूर एकाच वाटेनं जात होते, म्हणून निरोप छापला जायचा. असे काही महागडे कागद वाया गेल्यावर चुकांसाठी वेगळी वाट काढली गेली. माझ्या शनिवार रात्रीची गोष्ट त्याच जातकुळीतली: निरोप माणसासाठी होता, तो यंत्राच्या ताटात वाढला गेला.

या वाटा जोडताना सगळ्यात जास्त माणसं जिथे घसरतात ती जागा म्हणजे क्रम. या दोन ओळी पाहा:

./बॅकअप.एसएच > बॅकअप.लॉग २>&१
./बॅकअप.एसएच २>&१ > बॅकअप.लॉग

पहिलीत दोन्ही वाटा फायलीत जातात. दुसरीत चुका स्क्रीनवरच राहतात. '२>&१' याचा अर्थ 'दोघांची कायमची गाठ मार' असा होत नाही. 'या क्षणी १ जिथे जातोय तिथे २ ला पाठव' एवढंच ते सांगतं. शेल हे सगळं डावीकडून उजवीकडे वाचतो. दुसऱ्या ओळीत २ ची सोय लावली जाते तेव्हा १ अजून स्क्रीनकडेच जात असतो.

आणि त्या रात्रीचं कोडं? बॅशमधली 'रीड -पी' ही कमांड आपला प्रश्न २ क्रमांकाच्या वाटेवर लिहिते. ती वाट मी फायलीकडे वळवली होती. ० क्रमांकाची वाट मात्र कळफलकालाच जोडलेली राहिली. प्रश्न गेला फायलीत, कान राहिले कळफलकाकडे.

प्लंबरची टी

आउटपुट स्क्रीनवरही दिसावं आणि फायलीतही जावं, ही रोजची गरज. त्यासाठी 'टी' नावाची कमांड आहे, स्पेलिंग टी-ई-ई. नाव थेट नळकामातून आलं आहे. आपल्याकडे प्लंबर एका पाइपातून दोन फाटे काढायला जो 'टी' बसवतो, तोच हा. पाइपची कल्पनाही त्याच घरातली. बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात, बागेतली रबरी नळी जशी एकीला एक जोडत नेतो तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत, असं सुचवलं होतं. त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये पाइप युनिक्समध्ये आणला. पाइपचं चिन्ह '|' वापरून आपली ओळ अशी होते:

./बॅकअप.एसएच २>&१ | टी -ए बॅकअप.लॉग

'-ए' नसेल तर टी प्रत्येक वेळी जुना लॉग पुसून टाकते. नेमकं काल काय झालं हे शोधायला जावं आणि फायलीत फक्त आजचं सापडावं, हे होऊ द्यायचं नसेल तर '-ए' विसरू नका. इथे '२>&१' पाइपच्या आधी आहे आणि तरी बरोबर आहे, कारण पाइपची जोडणी शेल सगळ्यात आधी करतो.

या टीत एक गळती आहे. पाइपनं जोडलेल्या कमांडींचा निकाल म्हणून शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. शेवटी आहे टी, आणि तिचं काम बहुतेक वेळा यशस्वीच होतं. म्हणजे बॅकअप सपशेल फसला तरी शेलच्या दृष्टीनं सगळं आलबेल! त्या भरवशावर पुढची ओळ जुने बॅकअप पुसणारी असेल, तर काय होईल याची कल्पना करा. यावर उपाय दोन. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ओ पाइपफेल' लिहिलं की साखळीतली कुठलीही कमांड फसली तरी साखळी फसली असं धरलं जातं. नाहीतर बॅश 'पाइपस्टेटस' (हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत) नावाच्या यादीत प्रत्येक कमांडचा निकाल वेगळा ठेवतो. त्यातला शून्याव्या जागेचा निकाल बघायचा. फक्त लगेच पुढच्याच ओळीत बघायचा. मध्ये एखादी इको जरी आली तरी यादी बदललेली असते.

सगळ्या स्क्रिप्टची नोंद

प्रत्येक कमांडपुढे टी लावत बसायची गरज नाही. 'एक्झेक' वापरून स्क्रिप्टच्या डोक्यावरच वाटा एकदा वळवता येतात:

एक्झेक ३>&१
एक्झेक > >(टी -ए "$लॉगफाइल") २>&१

पहिली ओळ मूळ वाटेची एक प्रत ३ क्रमांकावर राखून ठेवते. दुसरी ओळ पुढचं सगळं टीमधून पाठवते. फक्त माणसाला दिसावं, लॉगमध्ये जाऊ नये असं काही असेल, उदाहरणार्थ सारखी बदलणारी टक्केवारी, तर ते '>&३' करून मूळ वाटेनं सोडायचं.

यात कंसातली जी रचना आहे ती बॅशची आणि झेड शेलची. डेबियन आणि उबंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश नावाचा छोटा शेल असतो, त्याला ती कळत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचंच नाव हवं. मॅकवर २०१९ पासून टर्मिनलमध्ये झेड शेल असतो आणि त्यात 'रीड -पी' चा अर्थच निराळा आहे. पहिली ओळ बरोबर असेल तर ही चिंता उरत नाही.

लॉगफाइलच्या नावात तारीख आणि वेळ घाला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फायलींची यादी आपोआप कालक्रमानं लागते. प्रत्येक महत्त्वाच्या ओळीपुढेही वेळ हवी. त्यासाठी दोन ओळींचं एक फंक्शन लिहून ठेवलं की झालं: 'डेट' कडून वेळ घ्यायची, 'प्रिंटएफ' नं ती आणि मजकूर छापायचा. इथे एक आपल्याकडचा गोंधळ सांगतो. भाड्याचे सर्व्हर बहुतेकदा जागतिक वेळेवर लावलेले असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये १८:१० दिसतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा चाळीस झालेले असतात. रविवारी पहाटे झालेलं काम लॉगमध्ये शनिवारच्या तारखेवर सापडतं आणि शोधणारा भलत्याच फायली चाळत बसतो. वेळेसोबत जागतिक वेळेपासूनचा फरकही, जसं '+०५३०', छापायला लावा, वाद मिटतो.

लॉग तयार होण्याआधी 'युमास्क ०७७' एवढी एक ओळ टाका. त्यामुळे ती फाइल मालकाखेरीज इतरांना वाचता येत नाही. लॉगमध्ये फायलींचे मार्ग, डेटाबेसची नावं, कधी चुकून त्याहून नाजूक माहिती येते.

प्रश्न कुठे विचारायचा

आता मुख्य मुद्दा. युनिक्समध्ये '/डेव्ह/टीटीवाय' नावाची एक खास फाइल आहे. स्क्रिप्टच्या वाटा कुठेही वळवलेल्या असोत, हे नाव नेहमी समोरच्या टर्मिनलकडेच नेतं. म्हणून प्रश्न तिथे विचारायचा आणि उत्तरही तिथूनच घ्यायचं:

रीड -आर -पी "पुसू का? (हो/नाही): " उत्तर < /डेव्ह/टीटीवाय २> /डेव्ह/टीटीवाय

'-आर' कायम लावा, नाहीतर उत्तरातली उलटी तिरकी रेघ रीड गिळून टाकते. ही एक ओळ माझ्या स्क्रिप्टमध्ये असती, तर त्या शनिवारी मी बाराच्या आत झोपलो असतो.

दोन बारकावे. पहिला असा की टाइप केलेलं उत्तर लॉगमध्ये आपोआप येत नाही. आपण दाबलेली अक्षरं स्क्रीनवर उमटवतं ते टर्मिनल. स्क्रिप्टच्या आउटपुटशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे उत्तर मिळाल्यावर 'प्रश्न अमुक, उत्तर तमुक' अशी ओळ आपणच लॉगमध्ये लिहायची. महिन्याभरानं कुणी विचारलं, की फायली पुसायला कुणी सांगितलं होतं, तर हीच ओळ कामाला येते.

दुसरा बारकावा घाईचा. नेहमीचं आउटपुट टीमधून वळसा घालून स्क्रीनवर येतं, प्रश्न थेट येतो. त्यामुळे कधीकधी प्रश्न आधी दिसतो आणि 'कॉपी पूर्ण झाली' ही ओळ त्याच्या मागून, नेमकी आपण उत्तर टाइप करत असताना. प्रश्नाआधी 'स्लीप' लावून अर्धा सेकंद थांबलं तरी बहुतेक वेळा भागतं.

स्वतःच्या स्क्रिप्टवर आपला ताबा असतो. दुसऱ्याच्या प्रोग्रॅमनं विचारलेल्या प्रश्नांचं काय? सी भाषेतल्या प्रोग्रॅमचं आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर साधारणपणे ओळीओळीनं बाहेर पडतं. तेच पाइपमध्ये जात असेल तर काही हजार बाइट साठेपर्यंत आतच तुंबून राहतं. प्रश्न तर एका ओळीचाही नसतो, शेवटी एंटर नसतो. तो साठवणीत पडून राहतो आणि प्रोग्रॅम उत्तराची वाट बघतो. लिनक्सवर 'एसटीडीबफ -ओ०' पुढे लावून असा प्रोग्रॅम चालवला तर साठवण बंद होते, पण स्वतःची साठवण स्वतः ठरवणाऱ्या प्रोग्रॅमवर त्याची मात्रा चालत नाही.

एंटर हेही उत्तरच

स्क्रीन गप्प राहिली की माणूस काय करतो? एंटर दाबतो. एकदा, दोनदा, जरा जोरात. मीही त्या रात्री दाबला असता आणि 'हो' हे गृहीत उत्तर असतं, तर कुणाला कळायच्या आत फायली गेल्या असत्या. म्हणून पहिला नियम: रिकामं उत्तर म्हणजे 'नाही'. ज्यात काही पुसलं जाणार, बदललं जाणार, त्या प्रश्नाला तर शंभर टक्के.

याचीच पुढची पायरी. प्रश्न येण्याआधी दाबलेल्या कळाही वाया जात नाहीत. टर्मिनल त्या जपून ठेवतं आणि पुढच्या रीडच्या पदरात घालतं. कॉपी चालू असताना कंटाळून दाबलेला एंटर दहा मिनिटांनी येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरतो. धोक्याच्या प्रश्नाआधी ही शिल्लक काढून टाका. टर्मिनलवर काही वाचायला शिल्लक आहे का, हे 'रीड -टी ०' सांगते. आहे तोवर वाचून फेकत राहायचं. खरोखर जिवावरचा प्रश्न असेल तर 'हो' वरही समाधान मानू नका. सर्व्हरचं नाव पूर्ण टाइप करायला लावा. डुलकीत बोटानं 'हो' होऊन जातं. सर्व्हरचं नाव लिहायला डोळे उघडावे लागतात.

उत्तर तपासताना 'केस' ही रचना सोयीची. लोक काय काय लिहितात ते आठवून सगळी रूपं एका ओळीत बसवायची: इंग्रजी वाय, मोठा वाय, येस, हो, होय. मराठी प्रश्न विचारत असाल तर मराठी उत्तराची तयारी ठेवा. मेन्यूतून क्रमांक निवडायचा असेल तर आणखी एक गंमत आहे. कार्यालयातल्या ऑपरेटरचा कळफलक मराठीवर राहिलेला असतो, तो '१' दाबतो आणि स्क्रिप्ट म्हणते, 'चुकीचा पर्याय'. त्याच्या स्क्रीनवर तर स्वच्छ १ दिसतोय! इंग्रजी एक आणि देवनागरी एक, दोन्ही स्वीकारा. एका उभ्या रेघेचं काम आहे.

चुकीच्या उत्तरावर पुन्हा विचारणं ठीक, पण किती वेळा? तीन पुरे. याला कारण सभ्यतेपेक्षा मोठं आहे. कंट्रोल-डी दाबलं, किंवा समोर टर्मिनलच नसलं, तर रीड अपयशी होऊन तत्काळ परतते. टर्मिनल नसताना, त्याकडे लक्ष न देणारा 'उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा' असा फेरा मग न थांबता गरगर फिरतो, प्रत्येक फेरीला लॉगमध्ये ओळ लिहितो आणि सकाळपर्यंत डिस्क भरून टाकतो. रीड अपयशी झाली तर फेऱ्यातून बाहेर पडायचं, हे आधीच लिहून ठेवा. 'रीड -टी ६०' अशी मुदतही घालता येते. मिनिटभरात उत्तर आलं नाही तर रीड परत येते, आणि आपण 'नाही' समजून पुढे जायचं.

पासवर्ड

पासवर्ड विचारताना 'रीड -एस' वापरा, म्हणजे टाइप केलेलं दिसत नाही. एंटरही दिसत नाही, म्हणून नंतर एक कोरी ओळ आपण छापायची, नाहीतर पुढचा मजकूर प्रश्नालाच चिकटून येतो. काही जण 'एसटीटीवाय -इको' करून अक्षरं लपवतात. मध्येच कंट्रोल-सी झालं तर टर्मिनल मुकं होऊन बसतं, टाइप केलेलं काहीच दिसत नाही. त्या वाटेनं गेलात तर 'ट्रॅप' लावून बाहेर पडताना 'एसटीटीवाय इको' करायची व्यवस्था ठेवा.

पासवर्ड लॉगमध्ये पोचण्याची चोरवाट वेगळीच असते. स्क्रिप्ट कुठे अडते ते पाहायला आपण 'सेट -एक्स' लावतो. त्यानं प्रत्येक कमांड चालण्याआधी पूर्ण विस्तारून २ क्रमांकाच्या वाटेवर छापली जाते, पासवर्डसकट. ती वाट तर लॉगकडे वळवलेली. नाजूक ओळींच्या आधी 'सेट +एक्स' करून ते बंद करा, नंतर पुन्हा चालू करा. पासवर्ड कमांडच्या मागे जोडूनही देऊ नका. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या 'पीएस' मध्ये तो त्याच सर्व्हरवरच्या इतरांना दिसू शकतो.

फेऱ्यातला प्रश्न

एका फायलीत वीस सर्व्हरची नावं आहेत, एकेक वाचायचं, प्रत्येकाआधी विचारायचं. 'व्हाइल रीड' चा फेरा लिहिला, शेवटी '< यादी.टेक्स्ट' जोडलं. चालवलं तर प्रश्न दिसतच नाही, आणि दर दुसरा सर्व्हर गायब! फेऱ्यापुरती ० क्रमांकाची वाट यादीला जोडलेली आहे. आतली रीडही तिथूनच वाचते. पहिल्या सर्व्हरच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसऱ्या सर्व्हरचं नाव आलं. आणि बॅशची 'रीड -पी' ० क्रमांकाच्या वाटेवर टर्मिनल नसेल तर प्रश्न छापतच नाही. इथेही औषध तेच: आतला प्रश्न /डेव्ह/टीटीवाय वरून विचारायचा.

दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवणाऱ्या एसएसएचचा आजार याच घरातला. फेऱ्यात एसएसएच चालवली की ती यादीतल्या उरलेल्या ओळी आपल्या समजून खाऊन टाकते आणि फेरा एकाच सर्व्हरवर संपतो. 'एसएसएच -एन' लिहा, ती ० क्रमांकाच्या वाटेला हात लावत नाही.

समोर कुणी नसतं तेव्हा

हीच स्क्रिप्ट रात्री दोन वाजता, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमधून चालणार असेल तर? तिथे टर्मिनल नाही, /डेव्ह/टीटीवाय उघडतच नाही, उत्तर देणारं कुणी नाही. 'टेस्ट -टी ०' ही चाचणी सांगते की ० क्रमांकाची वाट टर्मिनलला जोडलेली आहे की नाही. नसेल तर प्रश्न विचारूच नका. आधी ठरवलेलं सुरक्षित उत्तर घ्या आणि 'समोर कुणी नव्हतं, पुसणं टाळलं' असं लॉगमध्ये लिहा. पुसायलाच हवं असेल तर स्क्रिप्टला त्यासाठी एक स्पष्ट पर्याय ठेवा, जो क्रॉनच्या ओळीत कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेला असेल. हेही एक उत्तरच, फक्त आधी दिलेलं.

बाहेरच्या कमांडींनाही बहुधा असा पर्याय असतो; 'ॲप्ट-गेट' ला '-वाय' आहे. काही जण त्याऐवजी 'येस' नावाची कमांड पाइपनं जोडतात, जी अखंड 'वाय, वाय' म्हणत राहते. ती सगळ्याला हो म्हणते, आपण कल्पनाही न केलेल्या प्रश्नालासुद्धा. प्रश्न ओळखून त्याप्रमाणे उत्तर द्यायचं असेल तर 'एक्स्पेक्ट' आहे. डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करताना ते लिहिलं.

आणि समोर माणूस आहे, स्वतः हातानं कमांड टाइप करणार आहे, पण सगळी नोंद हवी आहे, तर? त्यासाठी 'स्क्रिप्ट' याच नावाची एक जुनी कमांड आहे, १९७९ च्या बर्कली युनिक्सपासूनची. ती सुरू केली की 'एक्झिट' म्हणेपर्यंत टर्मिनलवर जे जे उमटेल ते फायलीत जातं, प्रश्न आणि त्यांची उत्तरं दोन्ही. आतल्या प्रोग्रॅमना आपण खऱ्या टर्मिनलवर आहोत असंच वाटतं, त्यामुळे तुंबलेल्या प्रश्नांची तक्रारच उरत नाही. स्क्रीनवर न दिसलेला पासवर्ड या नोंदीत येत नाही. लिनक्सवरच्या नव्या आवृत्त्यांत टाइप केलेल्या कळाही नोंदवण्याचा पर्याय आहे. तो लावला तर मात्र पासवर्डही नोंदला जातो. फाइल वाचायला 'लेस -आर' वापरा, त्यातला आर मोठ्या लिपीतला, म्हणजे रंगांच्या चिन्हांचा चिखल दिसणार नाही.

दुरुस्त झालेली स्क्रिप्ट

ती बॅकअपची स्क्रिप्ट मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. वरून खाली तिचा क्रम असा: पहिल्या ओळीत बॅश, युमास्क, पाइपफेल, तारखेची लॉगफाइल, एक्झेकनं वाटांची सोय, मग कॉपी आणि तिच्या निकालाची तपासणी, कॉपी फसली तर तिथेच थांबायचं. नीट झाली तरच पुसण्याचा प्रश्न, तोही समोर टर्मिनल असेल तर, /डेव्ह/टीटीवाय वर, एका मिनिटाच्या मुदतीनं. शेवटी प्रश्न-उत्तराची ओळ लॉगमध्ये. तुम्ही लिहाल ती स्क्रिप्ट 'शेलचेक' या मोफत साधनातून एकदा जाऊ द्या. रीडमागे '-आर' राहिला असेल तर तेवढंही ते बोट ठेवून दाखवतं.

आता ती स्क्रिप्ट तिथला ऑपरेटर स्वतः चालवतो. मध्यंतरी त्याचा फोन आला, 'सर, जुन्या फायली पुसल्याच गेल्या नाहीत, स्क्रिप्ट बिघडलीय का?' मी लॉग उघडला:

२३:४०:०२ +०५३० सुरुवात
२३:५८:४७ +०५३० कॉपी पूर्ण, निकाल ०
२३:५९:१० +०५३० प्रश्न: तीस दिवसांपूर्वीच्या फायली पुसू का? उत्तर: रिकामं, म्हणून नाही
२३:५९:१० +०५३० समाप्त

मी विचारलं, 'प्रश्न दिसला होता का?' तो म्हणाला, 'दिसला की. पण घरी निघायची घाई होती, एंटर मारला.'

फायली जागेवर होत्या. पुन्हा चालव म्हटलं, आणि या खेपेला वाचून उत्तर दे.